खडखडाट ऐकणारा माणूस

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक जुनी डिझेल हॅचबॅक येऊन थांबते. गाडी सेकंडहँड, पण मालकाने सुट्टीत काम करून मिळवलेले सगळे पैसे तिच्यात ओतलेत. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रिमॅप झालाय, मूळचा सायलेन्सर काढून मागे जाड तोंडाचा एक्झॉस्ट बसवलाय. आठवडाभर सगळं झकास होतं. आणि मग खालून एक आवाज यायला लागला. सिग्नलला उभं राहिलं की खडखडखड, ॲक्सिलरेटर दाबला की गायब. मालकाने त्यावर शोधलेला उपाय अगदी सोपा आहे. गाण्याचा आवाज वाढवायचा!

हीच गाडी एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीकडे न्या. तो लगेच पाना हातात घेणार नाही. आधी प्रश्न विचारेल. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत रेस दिली तरी येतो की खड्ड्यातून जातानाच? एका ठरावीक आरपीएमलाच येतो का? उभ्या गाडीत येत असेल तर दोष इंजिनात किंवा एक्झॉस्टमध्ये. फक्त खड्ड्यात येत असेल तर लटकत्या पाइपाचे रबर ढिले असतील, नाहीतर सस्पेन्शनची तक्रार असेल. थंड गाडीत येऊन तापल्यावर बंद होत असेल, तर एखादा जोड किंवा गॅसकेट लीक आहे आणि लोखंड तापून फुगल्यावर ती फट मिटतेय, अशी शंका घ्यायची.

आपल्या भाषेचीही इथे मदत होते. पत्र्याचं हीट शील्ड सुटलं की खडखड. कॅटकॉनच्या आतली जाळी फुटली की खुळखुळ्यासारखी खुळखुळ. जोड लीक असेल तर फुसफुस. आणि आवाज टकटक असा, ठोके पडल्यासारखा येत असेल तर एक्झॉस्टच्या आधी इंजिनाकडे बघायचं. मग गाडी थंड होऊ द्यायची, रॅम्पवर घ्यायची, रबरी हातोडीने पाइपावर हलकेच ठोकत मागून पुढे यायचं. एका वेळी एकच गोष्ट धरायची, दाबायची, सोडायची. आवाज थांबला की चोर सापडला.

दोष शोधायची ही चिवट पद्धत ज्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं वापरली, त्याचं नाव आपण रोज पेट्रोल पंपावर ऐकतो. डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यातल्या कित्येकांच्या गावीही नसतं. रुडॉल्फ डिझेल. त्याची गोष्ट इंजिनाइतकीच दणदणीत आहे आणि तिचा शेवट मात्र चटका लावणारा.

पॅरिसमधला परका मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर बुकबाइंडिंग आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. तयार माल हातगाडीवर टाकून गिऱ्हाइकांकडे पोहोचवायचं काम छोट्या रुडॉल्फकडे असे. अभ्यासात हुशार, यंत्रांचं वेड आणि खिशात पैसा नाही, असं हे बालपण.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमध्ये राहणारे जर्मन एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंबाला गाशा गुंडाळून लंडन गाठावं लागलं. तिथेही घर चालेना, तेव्हा १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत आउग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. तिथे त्याचे काका गणित शिकवायचे. आईवडिलांपासून लांब, नव्या गावात राहणाऱ्या या मुलाने १४ व्या वर्षी घरी कळवून टाकलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. पहिल्या नंबराने शाळा संपवली आणि १८७५ मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी, १८७९ मध्ये, त्याला टायफॉइड झाला. परीक्षा बुडाली. पुढच्या संधीची वाट बघत घरी बसण्याऐवजी तो स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला सुल्झर बंधूंच्या कारखान्यात गेला आणि तिथे हात काळे करून घेतले. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती उत्तम गुणांनी. ड्रॉप लागला म्हणून हातपाय गाळून बसलेल्यांनी एवढा भाग दोनदा वाचायला हरकत नाही.

शंभरातले नव्वद जातात कुठे?

म्युनिकमध्ये त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचे जनक म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं. त्यांच्या लेक्चरमध्ये रुडॉल्फने एक हिशेब ऐकला आणि तो त्याच्या डोक्यातून जाईना. त्या काळी जगाचा गाडा वाफेच्या इंजिनावर चालायचा. पण कोळशात जेवढी ऊर्जा असते, तिच्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच कामी यायची. बाकीची धुराड्यातून आणि गरम पाण्यातून वाया. शंभर रुपये कमवायचे आणि नव्वद रस्त्यात सांडायचे, असला हा कारभार!

कॉलेज संपल्यावर त्याने लिंडे यांच्याच कंपनीत पॅरिसला नोकरी धरली, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न केलं, तीन मुलं झाली. दिवसा बर्फाची यंत्रं बघायची आणि उरलेल्या वेळात त्या वाया जाणाऱ्या नव्वद टक्क्यांचा विचार करायचा, असा क्रम सुरू झाला. १८९० मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी त्याचं छोटं पुस्तकही आलं.

कल्पना ऐकायला सोपी होती. सायकलला पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबली, इतकी तापवली की त्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटेल तर? ठिणगी नको, स्पार्क प्लग नको, बाहेरचा जाळ नको. हवा जितकी जास्त दाबू, तितकी इंधनातली ऊर्जा जास्त वसूल होईल. कागदावर गणित पक्कं होतं. आउग्सबर्गच्या मशीन फॅक्टरीचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांना त्याने ते पटवून दिलं, क्रुप कंपनीनेही पैसा घातला. आता लोखंडाला ते पटायला हवं होतं.

पहिलीच टेस्ट आणि धडाम

१० ऑगस्ट १८९३. माणसापेक्षा उंच असं एका सिलिंडरचं इंजिन आउग्सबर्गच्या कारखान्यात उभं होतं. ते स्वतःहून सुरू होणारं नव्हतं, बाहेरून पट्ट्याने फिरवावं लागायचं. सिलिंडरमधला दाब मोजायला वर इंडिकेटर नावाचं उपकरण बसवलेलं. आतला दाब कसा चढतो आणि उतरतो, याची रेघ ते कागदावर काढायचं. इंजिनाचा ईसीजीच म्हणा ना!

इंधन आत सोडलं आणि धडाम! दाब ८० वातावरणांच्या आसपास गेला आणि इंडिकेटरच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभे असलेले थोडक्यात वाचले. दुसऱ्या कुणी प्रोजेक्ट फेल म्हणून फाइल बंद केली असती. डिझेलने मात्र त्यातून एवढंच टिपलं की इंधन ठिणगीशिवाय पेटलं. म्हणजे कल्पना बरोबर, बांधणी चुकीची.

मग सुरू झालं खरं काम. आधीच्या गणितात धरलेला प्रचंड दाब कमी केला. सिलिंडर थंड ठेवायला पाण्याची सोय केली. इंधन आत सोडायच्या तऱ्हा एकामागून एक बदलून पाहिल्या. काळा धूर आला की इंधन नीट मिसळत नाहीये, हे समजून घ्यायचं. इंडिकेटरची रेघ वाकडी आली की ठिणगी लवकर पडते का उशिरा, हा प्रश्न इथे नाही, इंधन कधी आणि किती वेळ आत येतंय हे बघायचं. तेवढंच बदलायचं आणि पुन्हा टेस्ट.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं. किती? सुमारे एक मिनिट, ८८ फेरे. असं सांगतात की ते आधी डिझेलच्या लक्षात आलंच नाही, तर यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या आलं. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, आता इंजिन पट्ट्याला ओढतंय हे त्याने हेरलं आणि काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

त्या एका मिनिटापासून भरवशाच्या इंजिनापर्यंत जायला आणखी तीन वर्षं लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी रीतसर चाचणी घेतली. इंजिन साधारण २० अश्वशक्तीचं आणि त्याने इंधनातल्या ऊर्जेपैकी २६.२ टक्के कामी आणली. वाफेच्या इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त. एवढ्या ताकदीसाठी त्याच्या एकाच सिलिंडरचं आकारमान १९ लिटरच्या वर होतं. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी बनणारं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, जे एके काळी कॉलेजच्या पार्किंगमधल्या निम्म्या हॅचबॅकमध्ये असायचं, ते ७५ अश्वशक्तीचं होतं. मधल्या काळात केवढं काम झालं, याचा अंदाज यावरून येतो.

ती टकटक येते कुठून?

डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा जास्त का वाजते, याचं उत्तरही त्याच कल्पनेत आहे. तापलेल्या हवेत इंधन आलं की ते त्या क्षणी पेटत नाही. पेटायला थोडासा, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्याइतका वेळ लागतो. तेवढ्यात आणखी इंधन आत येऊन साठतं आणि मग साठलेलं सगळं एकदम भडकतं. दाब झटक्याने चढतो आणि सिलिंडरवर आतून हातोडी मारल्यासारखा ठोका पडतो. हीच ती टकटक. नव्या गाड्यांत मुख्य इंधनाआधी चिमूटभर इंधन सोडून हा ठोका मऊ केलेला असतो.

म्हणूनच रिमॅप केलेल्या गाडीचा आवाज नीट ऐकायला हवा. इंधनाचं प्रमाण किंवा वेळ भलतीच बदलली असेल तर टकटक वाढते, मागून काळा धूर येतो आणि नव्या एक्झॉस्टच्या गडगडाटात ती टकटक झाकली जाते. मालकाला वाटतं पाइप वाजतोय आणि आत पिस्टन मार खात असतो. बाहेरचं खडखडणं स्वस्तातलं असतं, आतलं महागातलं. कॅटकॉन काढून टाकणं आणि कर्णकर्कश सायलेन्सर लावणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

कारखान्यात गुणी, गिऱ्हाइकाकडे हट्टी

१८९७ नंतर डिझेलच्या दारात रांग लागली. अमेरिकेतले बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी तिकडचे हक्क घेतले, रशियासाठी इमॅन्युएल नोबेल आले. चाळिशीत पाय ठेवताना हातगाडी ढकलणारा मुलगा लक्षाधीश झाला होता. म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधायला घेतला.

पण इंजिनाची खरी परीक्षा तर आता होती. ज्या इंजिनाला पेटायला काडी लागत नाही, ते पहिल्यांदा विकलं गेलं केम्प्टनच्या काडेपेट्यांच्या कारखान्याला! ६० अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं. ते कुरकुरायला लागलं. बंद पडायचं, दुरुस्त व्हायचं, पुन्हा बंद पडायचं. कारखान्यात तज्ज्ञांच्या हाताखाली शहाण्यासारखं वागणारं यंत्र साध्या कामगारांच्या हातात हट्ट करायचं. आउग्सबर्गला डिझेलच्या नावाने वेगळा कारखाना निघाला होता. तिथली इंजिनं इतकी सदोष निघाली की गिऱ्हाइकं ती परत करू लागली आणि काही वर्षांतच तिथलं उत्पादन थांबलं.

दुसरीकडे पेटंटवरून भांडणं जुंपली. प्रत्यक्षातलं इंजिन पहिल्या पेटंटमधल्या गणितासारखं चालतच नाही, मग शोध याचा कसा, असा विरोधकांचा मुद्दा होता. त्यात थोडं तथ्यही होतं, कारण चार वर्षं दोष काढता काढता इंजिन मूळ कल्पनेपासून बरंच सरकलं होतं. पण ते सरकवलं होतं त्यानेच. डोकेदुखी, निद्रानाश, सततची दगदग. १८९८ च्या अखेरीस तो पार कोसळला आणि त्याला काही महिने आरोग्यधामात काढावे लागले. त्या काळात इंजिनाची बिघाडं निस्तरली ती आउग्सबर्गच्या इतर इंजिनिअरांनी. चिकाटीने, एकेक करत.

इंजिन सुधारलं, जगभर गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. ज्या शहराने लहानपणी हाकललं, तिथेच त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालं. इंजिनाची खडखड संपत आली होती.

मालकाच्या आयुष्यातली मात्र वाढत चालली होती.

झाकलेला आवाज

जमिनीच्या व्यवहारांत त्याचा पैसा बुडाला. शेअर्सची किंमत घसरली. कोर्टकचेऱ्यांनी बाकीचा खाल्ला. कामगारांनी एकत्र येऊन आपलं भलं कसं साधावं, यावर त्याने १९०३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. ते त्याला इंजिनापेक्षाही महत्त्वाचं वाटायचं, पण त्याच्या फारच थोड्या प्रती खपल्या. बाहेरून सगळं उत्तम दिसत होतं. बंगला तोच, पाहुण्यांची सरबराई तीच, अमेरिकेत भाषणं, वर्तमानपत्रांत फोटो. घरच्यांनाही खरा आकडा माहीत नव्हता. ज्याने इंजिनाचा एकही चुकीचा ठोका दुर्लक्षित केला नाही, त्याने घरच्या हिशेबातला खडखडाट मात्र वर्षानुवर्षं झाकून ठेवला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तिकडे कंपनीची बैठक होती. दोन सहकाऱ्यांबरोबर जेवण झालं, डेकवर फेरी झाली. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती. पलंगावर कुणी झोपलेलं नव्हतं. त्याची हॅट आणि ओव्हरकोट डेकच्या कठड्यापाशी सापडले.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातला चष्म्याचा डबा, पाकीट आणि इतर वस्तू धाकट्या मुलाने, ऑयगेनने, ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेलने बायकोकडे एक बॅग दिली होती, आठवडाभर उघडू नको असं सांगून. तिच्यात काही रोख रक्कम होती आणि जवळजवळ रिकाम्या झालेल्या बँक खात्यांचे कागद होते.

खून झाला, हेरगिरीचं प्रकरण होतं, तेलवाल्यांनी काटा काढला, अशा कहाण्या तेव्हापासून फिरतायत. त्यातली एकही सिद्ध झालेली नाही. बहुतेक अभ्यासकांना वाटतं की कर्जाच्या आणि एकटेपणाच्या ओझ्याखाली त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. तो ५५ वर्षांचा होता.

डिझेलवर धावणारी मोटार त्याने पाहिलीच नाही. त्याचं इंजिन मोटारीत मावण्याइतकं लहान नव्हतं, कारण इंधन फवारायला जडशीळ कॉम्प्रेसर लागायचा. बॉशने १९२७ मध्ये इंधनाचा आटोपशीर पंप बाजारात आणला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली आणि त्याचं आडनाव गावोगावच्या विहिरींवर पोहोचलं. आजही इंजिनावर मोठा झालेला शेतकरी बांधावर बसून नुसत्या आवाजावरून सांगतो की इंजिन आज बरोबर नाही.

पुन्हा पार्किंगमध्ये

आपल्या हॅचबॅकचं काय झालं? मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली. नवा पाइप जाड, त्यामुळे वरच्या हीट शील्डला तो जवळजवळ चिकटलेला. त्यात पाइप लटकवणारं एक जुनं रबर ताणून लांबलेलं. सिग्नलला इंजिन मंद चालताना पाइप थरथरायचा आणि पत्र्याला लागायचा. रबर बदललं, शील्ड सरळ करून बोल्ट आवळला, काम संपलं. महिनाभर आणखी गाणी वाजवली असती तर पाइपाचा जोड तुटून खर्च कितीतरी पटींनी वाढला असता.

गाडीचं एवढंच. आपल्यापैकी कुणाची केटी राहिलेली असते, कुणी मित्राकडून किंवा लोनच्या ॲपवरून पैसे उचललेले असतात, कुणाला रात्र रात्र झोप नसते. बाहेरून स्टेटस मस्त चाललेलं असतं आणि आतली टकटक कुणालाच ऐकू जात नाही. डिझेलच्या घरच्यांना रिकाम्या खात्यांची गोष्ट कळली ती तो गेल्यावर, एका बॅगेतून. आपल्याकडे अशी बॅग असेल तर ती आजच कुणासमोर तरी उघडा. आई, ताई, रूममेट, सर, कॉलेजच्या समुपदेशक मॅडम, कुणीही चालेल. आणि शेजारच्याच्या गाडीतून गाण्यामागे खडखड ऐकू आली, तर क्षणभर थांबून विचारा, की बाबा, काय वाजतंय?